पंचांसमक्ष छापा-काटा

“गाडी हलवायची नाही! चाक बोटभर जरी फिरलं तरी जबाबदार तुम्ही!”

श्रीरामपूरच्या स्टँडवर नगरची एसटी गच्च भरून उभी होती, इंजिन घरघरत होतं, आणि हा आवाज गाडीच्या खालून येत होता. वाकून पाहिलं तर दोन पाय दिसले. पायांत काळे बूट, त्यातल्या एकाची नाडी पांढरी. कमरेच्या वरचा माणूस मागच्या चाकाच्या पलीकडे गेलेला.

“अहो, निघा बाहेर,” कंडक्टर घसा फोडत होता. “पन्नास माणसं खोळंबलीत. पडलंय काय तुमचं एवढं? सोनं पडलंय का?”

“पावली.”

“पावलीपायी गाडीखाली? ही घ्या, माझी घ्या.”

“तुमची नको. तुमच्या पावलीचा हा चारशे सतरावा नाही.”

आता ड्रायव्हरसुद्धा खाली उतरला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यानं गाडीखाली कुत्री पाहिली होती, दारुडे पाहिले होते, एकदा नवरदेवही पाहिला होता म्हणे. पण कसला तरी चारशे सतरावा पाहिला नव्हता. “कशाचा चारशे सतरावा?” त्यानं विचारलं.

“नाणेफेकीचा फेरा. चारशे सोळा नीट झाले, या वेळी पावली घरंगळली. हात लावू नका. जशी पडली तशीच पाहायची आहे. माझा चष्मा पडलाय, छापा का काटा तेवढं मला दिसत नाही.”

खिडकीतून एक म्हातारी म्हणाली, “कुनीतरी बगा रं बाबांनो. मला राहुरीला उतरायचंय.”

म्हातारीच्या शब्दाला मान देऊन कंडक्टर तिकिटांची पेटी पोटाशी धरून आडवा झाला. “काटा हाय. लिवा आन् निगा.”

“एका माणसाचं धरत नाही,” आवाज म्हणाला. “दुसरा पंच?”

खोटं वाटेल तुम्हाला, पण ड्रायव्हरही आडवा झाला. दोघांनी काटा असल्याचं सांगितलं, मग तो गृहस्थ धुळीनं माखून बाहेर आला, चष्मा पुसला, खिशातून वही काढली आणि कंडक्टरची बिल्ला नंबरासह सही घेतली. ड्रायव्हरला सही येत नव्हती असं नाही, पण त्याचे हात गाडीखालच्या ऑइलनं माखले होते म्हणून त्याचा अंगठा घेतला. गाडी बावीस मिनिटं उशिरा सुटली. आणि कहर म्हणजे हे गृहस्थ त्या गाडीनं जाणारच नव्हते. ते स्टँडवर नुसते सावलीला बसले होते.

मी त्या दिवशी तिसगावहून ट्रंक घेऊन कॉलेजात नाव घालायला आलो होतो. खोलीला भागीदार शोधत असलेला पारनेरचा एक शेतकऱ्याचा मुलगा तिथंच भेटला. त्यानं मला कोपरानं ढोसलं. “कोन रं हे यडं?”

“असंल कुनी,” मी म्हणालो.

सोमवारी पहिल्या तासाला वर्गाचं दार उघडलं आणि आधी पांढरी नाडी आत आली. मागून सर आले. विषय, स्टॅटिस्टिक्स.

सरांना आमची नावं कधी पाठ झाली नाहीत. ती त्यांनी केलीच नाहीत. त्यांच्या मते नाव आईबापांनी मर्जीनं ठेवलेलं असतं, गाव मात्र नशिबानं मिळतं, आणि आपला विषय नशिबाचा आहे. म्हणून मी ‘तिसगाव’ आणि माझा खोलीवाला ‘पारनेर’. “उठा, तिसगाव.” “बसा, पारनेर.” बाहेरच्या माणसाला वाटावं, वर्गात कंडक्टरच शिकवतोय.

पुस्तक इंग्रजी होतं आणि आम्ही सगळे मराठी शाळांतून आलेलो. पहिल्याच उदाहरणात एक ‘अर्न’ निघाला. अर्नमध्ये पाच पांढरे आणि सात काळे चेंडू आहेत, न बघता एक काढला तर तो पांढरा असण्याची शक्यता किती? उत्तराचं राहू द्या, आम्ही अर्नपाशीच अडलो. पारनेरनं डिक्शनरी आणली. तीत लिहिलं होतं, अस्थिकलश. आमच्या खोलीत त्यावर बराच खल झाला. साहेब लोक अस्थिकलशात चेंडू का ठेवतात, आणि ठेवले तर ठेवले, वर त्यात न बघता हात का घालतात? पारनेरचं मत पडलं की गेलेला माणूस क्रिकेट खेळणारा असावा. मी तसंच वहीत लिहून नेलं.

सरांनी ते वाचलं. हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी कुंभाराकडून एक गाडगं आणलं, त्यात वीस सुपाऱ्या आणि वीस रिठे टाकले आणि टेबलावर ठेवलं. “हा अर्न,” म्हणाले. “अस्थी नाहीत. हात घाला.”

तेव्हापासून सरांचा नियम सुरू झाला. गृहपाठाचं एकही उदाहरण नुसतं सोडवून आणायचं नाही. आधी करायचं, मग सोडवायचं. फासे म्हटलं की फासे टाकायचे, पत्ते म्हटलं की पत्ते पिसायचे. आणि जे होईल ते दोन पंचांसमक्ष लिहायचं, खाली दोघांच्या सह्या. तलाठी जमिनीचा पंचनामा करतो तसा आम्ही फाशांचा करत होतो. सरांचं एकच वाक्य होतं, ते फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेलं असायचं आणि पुसायची कुणाची छाती नव्हती: पडलं ते लिहा.

स्वतः केल्याशिवाय सर कुठलंच उदाहरण आम्हाला देत नसत. स्टँडवरची पावली ही त्यांच्या स्वतःच्या गृहपाठातली होती.

आमच्या विभागाचा शिपाई रावसाहेब. आमच्या जिल्ह्यात शिपायाचं नाव रावसाहेब आणि साहेबाचं नाव भिकाजी असणं ही रोजची गोष्ट आहे. सर त्याला फार अदबीनं हाक मारत. एक दिवस वर्गात गाडग्यात हात घालता घालता सर थबकले. म्हणाले, “रिठे फार यायला लागलेत.” आम्ही म्हणालो, ओतून मोजू या. सरांना तो अपमान वाटला. “ओतून मोजायला वाण्याची अक्कल पुरते,” म्हणाले, आणि एकेक दाणा काढून, बघून, परत टाकून, हलवून, असं पन्नास वेळा केलं. सोळा वेळा सुपारी आली. सरांनी फळ्यावर मांडलं, दोन ओळींत सोडवलं आणि खडू खाली ठेवला.

“अकरा सुपाऱ्या गेल्या आहेत. रिठे कुणी खात नाही. म्हणजे चोर सुपारी खाणारा आहे. वर्गाची किल्ली कुणाकडे असते?”

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दारात रावसाहेब उभा होता आणि त्याचा गाल फुगलेला होता.

मग गाडगं ओतलं. दहा गेल्या होत्या. वर्गाला आनंद झाला, सरांचं गणित एकानं चुकलं. सर सांगायला लागले की एवढा फरक धरून चालतं. तर रावसाहेब प्रामाणिकपणे पुढे आला. “न्हाई सर, तुमचं बराबर हाय. अकराच घेतल्या हुत्या. अकरावी परत टाकली. लई कडक हुती.”

आता ही अकरावी खरोखर परत टाकलेली होती की सरांचा मान राखायला रावसाहेबानं ती तिथल्या तिथं बनवली, ते मला आजवर कळलेलं नाही. सरांनी मात्र त्याची तक्रार वर केली नाही. त्या दिवसापासून त्याला विभागाचा कायमचा पंच नेमलं. “चोरी कबूल करताना आकडा न चुकवणारा माणूस,” म्हणाले, “मला प्राध्यापकांतही सापडलेला नाही.”

सर एकटे होते. जेवायला मार्थाबाईंच्या खानावळीत येत, आम्हीही तिथंच. मार्थाबाई मिशनच्या दवाखान्यात आया होत्या, नवरा गेल्यावर खानावळ काढली. त्यांचा आवाज असा की त्यांनी दारात ‘भाकरी’ म्हटलं की स्टेशनावरची मालगाडी थांबायची. सरांच्या कोटाच्या उजव्या खिशात एक काळं आणि एक पांढरं बटण असे. कुठलाही निर्णय ते स्वतः घेत नसत. चहा घ्यावा का? बटण. दाढी करावी का? बटण. त्यामुळे कधीकधी सलग चार दिवस दाढी वाढायची आणि मग सलग तीन दिवस चकचकीत. मार्थाबाईंकडे आल्यावरही सर खिशात हात घालून म्हणत, “काळं आलं. आज बटाटा.”

“आज वांगं आहे,” मार्थाबाई म्हणत.

“काळं आलं तर बटाटा ठरलाय.”

“कुणाशी ठरलाय? मास्तर, पोट भरायला आलात का सोडत काढायला? बसा, वांगं गार होतंय.”

सरांनी महिनाभर नोंद ठेवली. तीस जेवणांत सव्वीस वेळा वांगं. पुढच्या तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं: ‘काही घटनांना शक्यता लागू होत नाही. तिथे मार्थाबाई असतात.’ आम्ही ते जर्नलात उतरवून घेतलं. एकानं तर परीक्षेतही लिहिलं आणि त्याला अर्धा मार्क मिळाला, असं ऐकतो.

ती वर्षं दुष्काळाची. आभाळाकडे बघून मानेला कळ लागलेली माणसं रस्त्यारस्त्यावर खडी फोडत होती. अशात सरांनी पारनेरला उभं केलं. “पारनेर, उद्या तुमच्या गावी पाऊस पडण्याची शक्यता किती?”

पारनेरला हा प्रश्न सोपा वाटला. “पडंल न्हाईतर न्हाई पडनार. दोनच गोष्टी. एक छेद दोन, सर.”

“तुमच्या तालुक्यात? निम्म्या दिवशी पाऊस?” सर म्हणाले. “मग तुम्ही इथं कशाला आलात? तिकडे भात लावा.”

वर्ग हसला. पारनेर बसला, पण दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, जणू मीच त्याचा पाऊस पळवला होता.

आता माझं सांगतो. तिसगावच्या बाजारपेठेत आमची पिठाची गिरणी होती, डिझेलच्या इंजिनावर चालणारी. मी अठरा वर्षं पिठात वाढलो. मला शिंक आली की समोरच्याच्या अंगावर पीठ पडायचं, इतका. त्या वर्षी तर रेशनचा तांबडा मिलो, म्हणजे परदेशातली ज्वारी, दळून दळून आमचं घरदार, बैल, देवाच्या तसबिरी सगळं तांबूस झालं होतं. मला त्या गिरणीतून सुटायचं होतं, आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सोडताना एकच सांगितलं होतं: “एक वरीस जरी वाया गेलं तर ट्रंक उचलायची आन् परत यायचं. पट्ट्यावर मानूस कमी हाय.” अण्णा एकदा बोलले की देवानं मध्यस्थी केली तरी उपयोग नव्हता. आणि कॉलेजचा नियम असा: जर्नलवर सरांची सही नाही तर टर्म नाही, टर्म नाही तर परीक्षा नाही. परीक्षा नाही तर काय, ते मला माहीत होतं. गिरणीच्या त्या पट्ट्याचा आवाज मला झोपेतही यायचा.

दिवाळीच्या सुट्टीत सरांनी गृहपाठ दिला. एक नाणं पाचशे वेळा उडवा. क्रमानं लिहा. पंचांच्या सह्या आणा.

मी तो गृहपाठ मान मोडून केला. गिरणीच्या ओट्यावर बसून दोन दिवस नाणं उडवलं. पंच म्हणून एक अण्णा, ते गिरणी बंद ठेवून बसले, आणि दुसरे माझे चुलते आप्पा. आप्पा गावचे सराईत पंच. बांधाचं भांडण असो, विहिरीची वाटणी असो, आप्पांची सही असल्याशिवाय तिसगावात कागदाला कागद म्हणत नसत. पहिल्या दिवशी दुपारी एक प्रकार झाला. छापा पडला, परत छापा, परत छापा. चार, पाच, सहा. अण्णा बसल्या जागी पुढे सरकले. आठ. नऊ. दळण घेऊन आलेल्या बाया डोईवरचे डबे न उतरवता बघत राहिल्या. अकरा छापे लागोपाठ पडले आणि मग कुठं काटा आला.

मी अकरा छापे लिहायला लागलो तर आप्पांनी हात धरला. “येडा झाला का? हे लिवू नको.”

“पण पडलेत ना, आप्पा.”

“पडलेत. मी कुटं न्हाई म्हनतो? पन तुजा मास्तर हितं हुता का? त्यो म्हनंल, पोरगं घरी बसून छापं छापत बसलं. पोरा, माझा जन्म पंचनाम्यात गेला. कागूद खरा असून भागत न्हाई. खरा दिसावा लागतो.”

अण्णांनी मान डोलावली. “माझी सही हाय त्याच्यावर. लोकांनी हसाय नको.”

मग आप्पांनी पेन्सिल घेतली आणि अकरा छाप्यांत मधेमधे काटे पेरले, दाट उगवलेलं रोप विरळ करावं तसे. त्यांना हात बसला. पुढे कुठं चारांच्या वर एकसारखं दिसलं की आप्पा म्हणत, “हितं बी एक टाक,” आणि दोन्ही दिवस तसंच चाललं. सरतेशेवटी कागद इतका खरा दिसायला लागला की मला स्वतःला वाटलं, बहुतेक असंच पडलं असेल. दोघांनी ऐटीत सह्या केल्या.

सुट्टी संपली. सरांनी तीस जणांचे कागद गोळा केले, नावाची बाजू खाली करून, आणि वर्गासमोर एकेक नजरेखालून घालत दोन ढीग केले. “हे उडवलेले,” उजव्या ढिगावर हात ठेवून म्हणाले, “आणि हे लिहिलेले.”

डाव्या ढिगात पाच होते. त्यातला एक पारनेरचा. तो खोलीवर आडवा पडून, एका बैठकीत, शेंगदाणे खात लिहिला होता, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पारनेरनं विरोधही केला नाही. आणि दुसरा माझा.

मी उठलो. “सर, मी उडवलंय. पंच आहेत.”

“पंच आहेत, हे मी पाहिलं,” सर म्हणाले. “पाचशे फेकी आहेत, तिसगाव. त्यात लागोपाठ पाच छापे किंवा लागोपाठ पाच काटे एकदासुद्धा नाहीत. खरं नाणं असं वागत नाही. ते बैठक मारतं. सहा, सात, आठ, सहज येतात. माणूस लिहायला बसला की त्याला लाज वाटते, तो चार झाले की बदलतो. तुमच्या कागदासारखं पडणं नऊ-दहा कोटींत एकदा. मी सही करणार नाही.”

बाकीच्या चौघांनी आठवडाभरात परत उडवून आणलं आणि सह्या मिळवल्या. पारनेरनं तर स्टँडवर बसून उडवलं, परंपरा म्हणून. मी अडून बसलो. मी खरं उडवलं होतं, मी परत का उडवावं? टर्म संपत आली, जर्नलं ऑफिसात द्यायचा दिवस जवळ आला, तेव्हा सरांनीच तिसगावला दोन कार्डं टाकली: ‘आपण पंच म्हणून सही केलेल्या कागदाबाबत थोडी विचारणा करावयाची आहे.’

आप्पा आले नाहीत. पंचाला समन्स लागतं, कार्डावर पंच हलत नाही, असा त्यांचा निरोप आला. अण्णा आले. कोट, टोपी, आणि भुवयांत तांबडं पीठ. जर्नलं द्यायचा तो शेवटचा दिवस होता, ऑफिस पाचला बंद होणार, आणि अण्णांची गाडी पोचली दोन वाजता.

अण्णा विभागात शिरले ते भांडायच्या तयारीनं. “माझ्या सहीवर आजवर कुनी शंका घेतली न्हाई,” त्यांनी उभ्यानंच सांगितलं.

सरांनी खुर्ची पुढे केली. “मीही घेत नाही. सही आपलीच आहे. मला फक्त सांगा, हे नाणं आपल्यासमोर उडवलं?”

“दोन दिस. गिरनी बंद ठिवून.”

“आणि लागोपाठ पाच कधीच पडले नाहीत?”

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. दाराशी रावसाहेब चघळायचा थांबला.

“अकरा पडले हुते,” अण्णा म्हणाले.

“कुठं गेले?”

“खोडले.”

“का?”

“तुमाला खोटं वाटू न्हाई म्हनून.”

सरांनी चष्मा काढला. “चौदा वर्षं शिकवतोय,” म्हणाले. “खोट्याचं खरं करून आणणारी मुलं ढिगानं पाहिली. खरं मेहनतीनं खोटं करून आणणारं घर पहिल्यांदा पाहतोय.”

“मग करा सही.”

“कशावर? हा कागद खोटा आहे.”

“पन पोरगा खरा हाय.”

“पोरावर सही करता येत नाही, अण्णासाहेब. कागदावर करावी लागते.”

अण्णांना हे पटलं. गिरणीतसुद्धा नाव चिठ्ठीवर असतं, धान्यावर नसतं. मग सरांनी फर्मान काढलं: आता इथंच परत पाचशे. पंच अण्णा आणि रावसाहेब. लिहायचं अण्णांनी. आणि सरांनी कोट उचलला.

“तुम्ही बसत न्हाई?” अण्णांनी विचारलं.

“मी बसलो तर तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून लिहाल. मी येऊन कागद बघेन. कागद उडवलेला दिसला तर सही, लिहिलेला दिसला तर नाही.” आणि सर खरंच निघून गेले. बहुतेक मार्थाबाईंकडे चहाला. बटणानं परवानगी दिली असावी.

मी उडवायला लागलो. असं नाणं मी आयुष्यात उडवलं नाही. अंगठ्याला फोड आला. अण्णा एकेक नोंद गिरणीच्या पाटीवर लिहावी तशी ठसठशीत लिहीत होते, पण त्यांना गप्प बसवेना. “आता छापा येनार. लई काटं झाले.” आला काटा. “मुद्दाम करतंय हे.”

“अण्णा, नाण्याला मागचं ठावं नसतं,” रावसाहेब म्हणाला. एवढी वर्षं दाराशी उभं राहून त्याचं शिक्षण आमच्यापेक्षा पुढे गेलं होतं.

तीनशेच्या पुढे ते आलं. काटा, काटा, काटा. चार. पाच. अण्णांची पेन्सिल घुटमळायला लागली. सहा. सात. अण्णांच्या कपाळावर घाम आला, पिठाचा चिखल झाला. आठ. नऊ. मग छापा. अण्णांनी पाच काटे लिहिले होते आणि पेन्सिल सहाव्या जागेवर थांबली होती.

“पोरा,” ते हळूच म्हणाले, “मास्तर न्हाई हितं. हितं एक छापा टाकू. तुजं वरीस हाय हे. नऊ काटं बगून त्यो भडकंल.”

मला अण्णांशी उलट बोलायची सवय नव्हती. त्यांच्या पोटात वाईट नव्हतं, त्यांना मला वाचवायचंच होतं. आणि खरं सांगू? त्या घटकेला मलाही नऊ जास्तच वाटले. सहा ठीक होते. सातही चालले असते. सर म्हणाले होते, आठ सहज येतात. नऊचं काही बोलले नव्हते.

“अण्णा,” रावसाहेब म्हणाला, “मी पंच हाय. नऊ पडले. आठ लिवले तर मी सही करनार न्हाई.”

“तू कोन मोठा लागून गेलास?”

“मी कुनी न्हाई. पन नऊ पडले.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “लिहा, अण्णा.” त्यांनी एरंडेल प्यावं तसं तोंड करून चार काटे आणखी लिहिले.

पाचशे पुरे झाले तेव्हा साडेचार होऊन गेले होते. सर आले. अण्णांनी कागद द्यावा की नाही? नाही. “एकदा फसलो,” म्हणाले, “आता वाचून सही करनार.” आणि पाचशेच्या पाचशे नोंदी बोट ठेवून, ओठ हलवत वाचायला बसले. छापा, काटा, काटा, छापा. मी घड्याळाकडे बघत होतो. पावणेपाच. दोनशेवर आले. रावसाहेबाला राहवेना, तो ऑफिसच्या क्लार्कला सुपारी द्यायला आणि गप्पांत गुंतवायला पळाला. कागदावर उठवलेल्या अंगठ्याची शाईही न वाळवता.

पाचाला सात कमी असताना अण्णांनी सही केली आणि कागद सरांपुढे सरकवला. सर उभ्यानं वाचायला लागले. बोट भराभर ओळींवरून फिरत होतं. तीनशेच्या पुढे ते थांबलं. परत मागे गेलं, मोजलं. नऊ. सरांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की मार्थाबाईंनी स्वतःहून बटाटा वाढला असता तरी पसरलं नसतं. त्यांनी पेन काढलं आणि जर्नलवर सही ठोकली. मी ऑफिसात कसा पोचलो ते मला सांगता येणार नाही. मधल्या तीन बाकांवरून उडी मारून गेलो असं लोक सांगतात. क्लार्क एका हातानं दार ओढत होता आणि दुसऱ्यानं सुपारी तोंडात टाकत होता.

मी पास झालो. काठावर, पण काठाच्या आतल्या बाजूनं. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन सरांच्या खोलीवर गेलो. खोलीत एक खाट, एक कंदील आणि भिंतभर वह्या, त्यात आणखी कुठल्या कंडक्टरांच्या सह्या होत्या कुणास ठाऊक. सरांनी पेढा घेतला. माझ्या मनात महिनाभर एक गोष्ट सलत होती, ती मी विचारली.

“सर, तुम्ही म्हणाला होता, नऊ-दहा कोटींत एकदा तसं पडतं. लागोपाठ पाच कुठंच नाहीत.”

“पडतं.”

“मग त्या दिवशी आमचं तसंच पडलं असतं तर? मी खरं उडवलेलं, अण्णांनी खरं लिहिलेलं, रावसाहेब पंच, आणि तरी नऊ आलेच नसते, पाचही आले नसते, तर?”

“सही केली नसती.”

“सगळं खरं असूनसुद्धा?”

“हो.”

“मग माझं वर्ष?”

सरांनी पेढा संपवला, बोटं पुसली.

“गेलं असतं,” ते म्हणाले.